गळ्यात अडकलेले आमेन

फार पूर्वी, म्हणजे आपल्या पणजीच्या पणजीलाही आठवणार नाही इतक्या पूर्वी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाच्या टोकाला प्रभूचे लहानसे देऊळ होते. दगडी भिंती, वर कौले, आत शेणाने सारवलेली जमीन आणि बसायला दोन लांब सतरंज्या. ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो बसे. तिथे जमणारी ख्रिस्ती मंडळी लहान होती, पण एकमेकांना धरून होती. कुणाच्या घरी बाळ जन्मले तर सगळ्यांच्या घरी गोड होई, आणि कुणाचे माणूस गेले तर त्या दिवशी कुणाचीच चूल पेटत नसे.

या मंडळीत शलोमीबाई होती आणि केतुराबाई होती. दोघी विधवा, दोघी साठीकडे झुकलेल्या. दोघींची घरे समोरासमोर, मध्ये एक अरुंद बोळ. एकीच्या चुलीवर कढी उकळली की दुसरीला वासावरून मीठ कमी पडले ते कळे. गावात कुणाला शलोमीबाई कुठे आहे असे विचारले, तर तो आधी केतुराबाईच्या ओट्याकडे बघे.

शलोमीबाईकडे एक मान होता. प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभूच्या आठवणीत देवळात मोडून सगळ्यांनी खायची, भाकर तिच्या हातची असे. तिची सासू ती भाजायची, सासूमागे ती भाजू लागली. शनिवारी गहू निवडायचे, जात्यावर दळायचे, रविवारी पहाटे अंघोळ करून कणीक मळायची आणि मंद आचेवर भाकर भाजायची. केतुराबाईकडे दुसरा मान होता. देवळात गीत उचलायचे ते तिने. आवाज खणखणीत आणि कान त्याहून तिखट. शेवटच्या ओळीत बसलेला कोण सूर चुकला, ते ती मागे न बघता सांगे.

आता मंडळी म्हटली की प्रार्थना आलीच. दर बुधवारी दिवेलागणीच्या आधी सगळे देवळात जमत. ज्याच्या मनात येई तो उठून मोठ्याने प्रार्थना करी आणि बाकीचे आमेन, म्हणजे ‘तसेच होवो’, म्हणत. त्या प्रार्थनेची एक गंमत होती. घरी ‘लई’ म्हणणारी माणसे तिथे ‘अत्यंत’ म्हणत. बैलाला शिव्या घालून आलेला गडीही उभा राहिला की ‘हे परमदयाळू बापा’ असे सुरू करी. देवाला साधी बोली कळत नाही असे कुणी त्यांना सांगितले नव्हते, पण पडली होती खरी तशी सवय.

तर एकदा काय झाले, केतुराबाईच्या मुलाचा निरोप आला. मुलगा घाट ओलांडून, दोन नद्यांपलीकडे शेती करत होता. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती, लेकरे लहान होती, घर कोण बघणार? आई, तू ये, असा निरोप होता. केतुराबाईने ठरवले की हंगामाचा सण झाला की निघायचे. त्या काळी त्या वयात घाटापलीकडे गेलेले माणूस परत येत नसे. केतुराबाईने घरोघरी जाऊन सगळ्यांना हे सांगितले.

फक्त समोरच्या घरी सांगितले नाही.

शलोमीबाईला ते कळले नदीवर धुणे धुताना. शेजारच्या दगडावरची बाई सहज म्हणाली, “आता तुमचं कसं व्हायचं शलोमीबाई? केतुराबाई तर चालल्या लेकाकडं.”

“ठाव हाय मला,” शलोमीबाई म्हणाली. आणि हातातले लुगडे तिने असे आपटले की त्याचा काठ उसवला.

घरी आल्यावर ती बोळाकडच्या दारात येऊन उभी राहिली. समोर केतुराबाईच्या अंगणात गाठोडी बांधलेली दिसत होती. चार पावलांवर दार होते. जाऊन विचारावे, “का गं, मलाच कशी सांगितली नाहीस?” एवढेच विचारायचे होते. पण मान आड आला. जिने सांगितले नाही तिने यावे, मी का जाऊ, असे म्हणून शलोमीबाईने कडी लावून घेतली. समोरून कुणी आले नाही.

त्याच आठवड्यात प्रभुभोजन होते. शनिवारी शलोमीबाई सूप घेऊन गहू निवडायला बसली. आणखी एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, ती तुम्हाला सांगतो. तिचे डोळे जाऊ लागले होते. सुपातले गहू तिला धुरातून बघावे तसे दिसत. खडे ती बोटांनी चाचपून काढी. त्या दिवशी मात्र चित्त थाऱ्यावर नव्हते, आणि बोटांनीही दगा दिला.

रविवारी भाकर मोडली, वाटली गेली, आणि साऱ्या देवळात कचकच ऐकू आली. उपासना चालवणाऱ्या पाळकबाबांनी आपला घास पवित्र चेहऱ्याने गिळून टाकला. लेकरांनी आयांकडे पाहिले. उपासना संपून सगळे बाहेर चिंचेखाली आले, आणि तिथे, सगळ्या बायांच्या देखत, केतुराबाई बोलून गेली.

“शलोमे, दिसत नसंल तर तसं सांगावं की. प्रभूच्या भाकरीत वाळू चारलीस आमाला.”

बाया हसल्या. वाईट हसणे नव्हते ते, कुणीही हसले असते. पण शलोमीबाईला ते जिव्हारी लागले. जे दुखणे तिने उराशी लपवले होते ते चिंचेखाली सगळ्यांच्या पायाशी येऊन पडले होते, आणि टाकले होते कुणी, तर केतुराने. ती तशीच घरी गेली.

इथपर्यंत झाले ते कुठेही होते. शहाणी माणसे भांडतात, रुसतात, दोन दिवसांनी ताक मागायला जातात आणि भांडण विरून जाते. पण मंडळीतल्या माणसांना भांडायची एक वेगळी जागा सापडते, ती बाहेरच्यांना सापडत नाही. शलोमीबाईला ती बुधवारी सापडली.

प्रार्थना चालू असताना मध्ये कुणी बोलत नाही. प्रार्थनेला कुणी उलट उत्तर देत नाही. डोळे मिटलेले असतात, म्हणून कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. शलोमीबाई उठली, तिने हात जोडले आणि म्हणाली, “हे परमदयाळू बापा, ज्यांच्या जिभेला हाड नाही, जे आपल्या मैत्रिणीस चारचौघांत लज्जित करतात, त्यांच्या मुखास तू लगाम घाल.”

मग शलोमीबाईच्या जवळ बसलेल्यांनी मोठ्याने म्हटले, “आमेन.”

पुढच्या बुधवारी केतुराबाई उठली. आवाज तर खणखणीत होताच. “हे पवित्र प्रभो, जे सत्य ऐकून रुष्ट होतात, ज्यांना आपला दोष दिसत नाही, त्यांचे नेत्र तू उघड.”

“आमेन,” दुसरीकडून आवाज आला, आणि तो आधीच्यापेक्षा मोठा होता.

मग काय विचारता. बुधवारची गर्दी वाढू लागली. ज्यांना एरवी बुधवारीच पोट दुखायचे तेही ठणठणीत होऊन येऊ लागले. शलोमीबाईची बाजू घेणारे एका सतरंजीवर बसू लागले, केतुराबाईची बाजू घेणारे दुसऱ्या. कुणी नम्रतेसाठी प्रार्थना केली की पलीकडच्यांना ती टोचे. कुणी क्षमेसाठी प्रार्थना केली की तीही टोचे. बिचाऱ्या पाळकबाबांना आधी वाटले, मंडळीत भक्तीची मोठी जागृती आली आहे. ते आनंदाने घरी जात आणि जेवताना बायकोला सांगत. बायको ताटात भात वाढी आणि गप्प बसे.

एक इसहाकमामा तेवढे वेगळे. त्यांना कमी ऐकू येई. कुणाचीही प्रार्थना संपली की ते तितक्याच मोठ्याने आमेन म्हणत, त्यामुळे दोन्ही सतरंज्या त्यांच्यावर नाराज होत्या.

उपासना सुटल्यावर सगळ्यांनी एकमेकांचा हात हातात घेऊन सलाम करायचा, ही त्या मंडळीची जुनी रीत. शलोमीबाई आणि केतुराबाई समोरासमोर आल्या की एकीला नेमका चपलेचा अंगठा बघायचा असे आणि दुसरीला कौलांवरचा कावळा. सण जवळ येत होता. समोरच्या अंगणातली गाठोडी वाढत होती. शलोमीबाई रोज दारातून ती बघे आणि रोज स्वतःला सांगे, अजून आहेत की दिवस.

मग एका बुधवारी शलोमीबाईच्या सतरंजीवरची एक तरणी बाई उठली. आपल्या बाजूसाठी काहीतरी करून दाखवावे असे तिला वाटले असावे. ती म्हणाली, “हे प्रभो, आमच्यातून जे दूर देशी जाणार आहेत, त्यांना तू लवकर, अगदी लवकर, मार्गस्थ कर.”

‘लवकर’ हा शब्द तिने असा काही दाबला की कुणाला काही समजायचे बाकी राहिले नाही. शलोमीबाईच्या आजूबाजूच्या सगळ्यांनी एका आवाजात आमेन म्हटले.

शलोमीबाईचे तोंड उघडले होते. पण आमेन बाहेर आले नाही. ते गळ्यातच अडकले. तिच्या मनात आले, हे कुणासाठी मागतायत? केतुरासाठी? केतुरा लवकर जावी म्हणून माझी माणसे देवाला साकडे घालतायत, आणि हे मी सुरू केले. त्या दिवशी ती सलामासाठी थांबलीच नाही.

पाळकबाबांचेही डोळे त्या दिवशी उघडले. ते घरी गेले आणि बायकोला म्हणाले, “ही जागृती नाही गं.”

“मला वाटलंच, तुम्हाला कधीतरी कळंल,” बायको म्हणाली.

बाबांना रागही आला आणि लाजही वाटली. प्रभूने घालून दिलेली रीत किती सोपी होती! ज्याच्याशी बिनसले त्याच्याकडे आधी एकट्याने जायचे आणि दोघांतच बोलायचे. त्यावर बाबांनी कितीदा उपदेश केला होता, आणि डोळ्यांदेखत मंडळी उलट्या वाटेने चालली तेव्हा त्यांनी ते ओळखलेसुद्धा नव्हते. ते बराच वेळ गुडघ्यांवर होते. उठले तेव्हा त्यांच्या मनात भाषण नव्हते, फक्त एक साधी गोष्ट होती.

पुढचा बुधवार हा सणाच्या आधीचा शेवटचा. देऊळ भरले होते. पाळकबाबा उभे राहिले आणि म्हणाले, “आज मागणं काही नको. लई दिवस झाले, आपण नुसतं मागतोय. देवाला जरा विसावा देऊ. आज फक्त आभार मानायचे. पण एक करायचं. जे मिळालं ते कुणाच्या हातून मिळालं, त्या माणसाचं नाव घ्यायचं. देवानं ते आभाळातून दोरीला बांधून सोडलं असं म्हणायचं नाही. हात कुणाचा होता, ते सांगायचं.”

लोक चुळबुळले. मग एक म्हातारा उठला आणि म्हणाला की त्याची गाय अडली होती तेव्हा इसहाक पावसात धावत आला होता, त्याबद्दल देवाचे आभार. इसहाकमामांना काय झाले ते कळले नाही, पण सगळे आपल्याकडे बघून हसतायत म्हणून तेही हसले. एका बाईने सासूचे नाव घेतले. सासू पदर डोळ्यांना लावून बसली. एकेक जण उठू लागला. देवळातली हवा बदलू लागली.

शलोमीबाईची पाळी आली. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि सुरुवात केली, “हे परमदयाळू बापा, माझ्या तापात तू मला वाचवलेस म्हणून...”

आणि ती थांबली. कारण तापात उशाशी कोण बसले होते? कपाळावरची पट्टी कुणी बदलली, पेज चमच्याने कुणी पाजली?

तिने ते सोडून दुसरे धरले. “माझे मालक गेल्यावर तू मला आधार दिलास...” पण त्या दिवसांत घरात पाऊल ठेवायची तिला भीती वाटायची, तेव्हा अंथरूण उचलून तिच्या घरी निजायला कोण आले होते? ती नवी नवरी म्हणून या गावात आली, तिला एकही गीत येत नव्हते, देवळात ती मान खाली घालून बसायची. तेव्हा बोळातल्या ओट्यावर बसून भाजी निवडता निवडता एकेक ओळ तिच्या गळ्यात कुणी बसवली?

शलोमीबाईने आपले सगळे आयुष्य चाचपून पाहिले, सुपातले गहू चाचपावेत तसे. जिथे जिथे देवाचे देणे हाताला लागले, तिथे तिथे ते देणारा हात केतुराचा होता. तिला हुंदका आला. प्रार्थना अर्धवट सोडून ती खाली बसली.

लोकांना वाटले, बाईला गहिवरून आले. आले होतेच. पण नाव तिने मुद्दामच घेतले नव्हते. इथे नाव घेतले तर दोन्हीकडून आमेन उठेल, सगळे डोळे पुसतील, आणि माझी माफीसुद्धा लोकांसाठीच झाली असे होईल. अपमान लोकांसमोर झाला होता, त्याची परतफेडही लोकांसमोर झाली होती. हे आता लोकांसमोर करायचे नव्हते.

बाहेर पडताना पाळकबाबांनी तिला हळूच विचारले, “शलोमीबाई, केतुराबाईकडं मी येऊ का बरोबर?”

“नको बाबा,” ती म्हणाली. “पहिल्यांदा एकटीनं जायचं असतं. तुमीच सांगितलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शलोमीबाईने कडी काढली आणि बोळ ओलांडला. चार पावले, पण घाट चढल्यासारखा तिला दम लागला. केतुराबाई ओसरीवर बसून भांडी गवतात गुंडाळत होती. तिने वर पाहिले. जुन्या सवयीने हात पाटाकडे गेला, पण तिने तो मागे घेतला.

“प्रार्थना कराया आलीस का?” केतुराबाई म्हणाली.

“न्हाय. बोलाया आले.”

“मग बोल.”

शलोमीबाई उभीच राहिली. तोंडात देवळातले मोठमोठे शब्द येऊ बघत होते, ते तिने सगळे गिळले. “केतुरा, माझं डोळं चाललंय. पावसाळ्यापासनं. समोरची तूबी मला धूसर दिसतीस. कुणाला सांगितलं न्हाय, भाकर काढून घेतील म्हणून. चूक माझी हाय. मी पारखून बघायला पायजे व्हतं, न्हायतर दुसरीला बोलवायला पायजे व्हतं. प्रभूच्या भाकरीपेक्षा मला माझा मान मोठा वाटला.”

“मला ठाव हाय,” केतुराबाई म्हणाली. “तू सुईत दोरा ववताना बघितलंय मी तुला.”

“ठाव व्हतं, तर एकटीला येऊन सांगायचं व्हतंस.”

केतुराबाईने हातातला तांब्या खाली ठेवला. “व्हय. तिथं माझं चुकलं. दातात वाळू आली आन् जीभ सुटली. बाया हसल्या तवाच कळलं मला. पण तंवर शब्द गेला व्हता.”

मग शलोमीबाईच्या ओठांवर ते आले, जे एवढे दिवस कुठल्याच प्रार्थनेत आले नव्हते. भाकर हे नुसते निमित्त होते. दुखत होते ते हे.

“तू चाललीस, ते मला नदीवर परक्या बाईकडनं कळावं? साऱ्या गावाला सांगितलंस. मीच कशी ऱ्हायले?”

केतुराबाईचा तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. ती म्हणाली, “दोनदा निम्म्या बोळापतोर आले व्हते. माघारी फिरले. तू ‘नको जाऊ’ म्हणली असतीस ना शलोमे, तर मी गेले नसते. आन् तिकडं लेकरं उपाशी हायेत. म्हणून भ्याले मी. दुसऱ्या कुणाला मी भ्याले न्हाय.”

शलोमीबाई खाली बसली, तशीच, जमिनीवर. “आन् मी तुला ‘नको जाऊ’ म्हणायचं सोडून देवाला तुझ्या कागाळ्या सांगत बसले,” ती म्हणाली. “देवाचं नाव पुढं केलं आन् मागनं तुला दगड मारलं. मला माफ कर बाई. मला लई वाईट वाटतंय.”

“मीबी मारलं की.”

“पैला मी मारला.”

केतुराबाईने डोळे पुसले. पण तिच्या मनात अजून एक काटा होता, आणि तो तसाच ठेवून समेट करणारी ती बाई नव्हती. “लवकर मार्गस्थ कर म्हणली ती पोरगी,” ती म्हणाली. “ते मला लई लागलं.”

“मी तिला सांगितलं नव्हतं, शपथ.”

“ठाव हाय. समद्यांनी आमेन म्हणलं तवा मी कान देऊन बसले व्हते. त्या एवढ्या आवाजात तुझा आवाज न्हवता. रातभर मी तेच धरून ऱ्हायले. म्हणलं, शलोमीनं आमेन म्हणलं न्हाय. म्हणजे अजून आपलं काही गेलेलं न्हाय.”

मग मात्र शलोमीबाईला राहवले नाही. ती रडली, केतुराबाईही रडली, आणि रडता रडता केतुराबाईने पाट पुढे सरकवला आणि म्हणाली, “जमिनीवर कशापायी बसलीस, गारठा धरंल.”

त्या दिवशी बोळाच्या दोन्ही बाजूंची दारे उघडी होती. दुपारी दोघींनी मिळून सणाच्या भाकरीचे गहू निवडायला घेतले. शलोमीबाईने आपण होऊन गल्लीतल्या बायांना हाक मारली आणि उभ्या उभ्याच सांगितले की मला आता नीट दिसत नाही, यापुढे गहू सगळ्यांनी मिळून निवडायचे, कणीक तेवढी मी मळीन. सांगून झाल्यावर तिला आश्चर्य वाटले. आभाळ कोसळले नव्हते. बायांनी आपापली सुपे आणली आणि त्या बसल्या. ती तरणी बाईही आली, पण सुपात नुसतीच बोटे फिरवत राहिली. शेवटी केतुराबाईच तिला म्हणाली, “पोरी, मला पोचवायची घाई हाय ना तुला? मग त्या गाठोड्याला गाठ मारू लाग.” पोरगी आधी रडली आणि मग हसली, आणि तिने गाठोडी अशी घट्ट बांधली की नंतर म्हणे ती सोडवताना तिकडच्या लोकांना विळा लागला.

सणाच्या दिवशी खरी पंचाईत झाली ती बाकीच्यांची. लोक सवयीने आपापल्या सतरंजीकडे निघाले आणि बघतात तो शलोमीबाई आणि केतुराबाई एकाच सतरंजीवर, खांद्याला खांदा लावून बसलेल्या. आता कुणाच्या बाजूने कुठे बसायचे? काही जण दारातच घुटमळले. एकदोघांच्या चेहऱ्यावर तर आपले काहीतरी हिरावून घेतल्यासारखा भाव होता, कारण दुसऱ्याच्या भांडणात माणूस फार लवकर रमतो. पण उभे तरी किती वेळ राहणार? हळूहळू जागा मिळेल तिथे सगळे बसले. उपासना झाली, भाकर मोडली गेली. सलाम करताना कुणीतरी इसहाकमामांच्या कानात ओरडून सांगितले की दोघींचा समेट झाला.

“भांडल्या कधी?” इसहाकमामांनी विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी निघाली. मंडळी वेशीपर्यंत आली, गीत म्हटले, आणि वेशीवरून परतली. शलोमीबाई परतली नाही. ती गाडीच्या बाजूने चालत राहिली आणि केतुराबाईही खाली उतरून तिच्याबरोबर चालू लागली. गाडीवानाला वाटले, आता या दोघी काय काय बोलतील. पण त्या मोठे असे काही बोलल्या नाहीत. लोणच्याच्या बरणीला फडके नीट बांधले का, नातीला परकराला कापड किती लागेल, ओढ्याला यंदा पाणी कमी आहे, एवढेच. जे सांगायचे होते ते सांगून झाले होते, जे मागायचे होते ते मागून झाले होते. ओढ्यापाशी केतुराबाई गाडीत चढली. शलोमीबाईने तिचा हात धरला आणि म्हणाली, “जा. लेकरं वाट बघत्यात.”

ती तिथेच उभी राहिली. गाडी लवकरच तिला दिसेनाशी झाली, पण घुंगरांचा आवाज घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत येत होता. तो थांबला तेव्हा ती पोटभर रडली. या रडण्यात राग नव्हता, पस्तावा नव्हता. हे स्वच्छ रडणे होते, आणि असे रडायला मिळाले म्हणून वाटेत गुडघे टेकून तिने देवाचे आभार मानले. दोन दिवस उशीर झाला असता, तर हेच रडणे तिला मरेपर्यंत जाळत राहिले असते.

त्या दोघी पुन्हा कधी भेटल्या नाहीत. पण म्हातारपणी, दोन्ही डोळे गेल्यावरही, शलोमीबाई आपल्या ओट्यावर बसून गाणी म्हणायची, आणि कुणी विचारले की एकटीला करमते का, तर म्हणायची, “करमतं की. माझी केतुरा माझ्याशी बोलून गेली.”

म्हणून बाळांनो आणि मोठ्यांनो, हे मनात धरा: ज्याच्याविषयी मन दुखावले आहे, त्याचे गाऱ्हाणे देवाच्या दारी नेण्याआधी आपण त्याच्या दारी जावे, आणि एकट्याने जावे.